इथेनॉल आणि पाणी: मिसळल्यावर गरम होतं, आकसतं, तरीही विचलन धन कसं?

मोलभाव

राउल्टच्या नियमाचा (आदर्श द्रावणात घटकाचा बाष्पदाब त्याच्या मोल फ्रॅक्शनच्या, म्हणजे एकूण मोलांतल्या वाट्याच्या, प्रमाणात असतो) तक्ता सगळ्यांना पाठ असतो. बाष्पदाब त्याहून जास्त तर विचलन धन, कमी तर ऋण. धन विचलन म्हणजे मिसळताना उष्णता शोषली जाते, आकारमान वाढतं आणि किमान उत्कलनबिंदूचा ॲझिओट्रोप (उकळताना द्रव आणि बाष्प यांचं प्रमाण सारखंच राहतं असं मिश्रण) मिळतो. ऋण विचलन म्हणजे सगळं उलट. मग उदाहरण म्हणून पुस्तकं इथेनॉल-पाणी देतात, किमान उत्कलनबिंदू, अर्थात धन विचलन.

आता प्रत्यक्ष काय होतं बघा. ५० मिलि इथेनॉल आणि ५० मिलि पाणी मिसळलं की चंचुपात्र हाताला कोमट लागतं, आणि आकारमान १०० भरत नाही. म्हणजे उष्णता बाहेर पडली आणि द्रव आकसला. तक्त्याप्रमाणे हे ऋण विचलन झालं. पण ७८.१५ अंशांचा ॲझिओट्रोप खोटा नाही.

द्वितीय वर्ष बी.एस्सी.ची मुलं हा प्रश्न दरवर्षी विचारतात. "अपवाद आहे" हे उत्तर नको. नेमकं काय होतं, आणि प्रयोगशाळेत आकडे काढून ते दाखवता येईल का?

गॅमा_अनंत

अपवाद नाहीच. तक्ता अपुरा आहे.

विचलनाचं चिन्ह ठरवते फक्त एकच राशी, ती म्हणजे एक्सेस गिब्ज ऊर्जा. आदर्श द्रावणापेक्षा खऱ्या द्रावणाची गिब्ज ऊर्जा किती जास्त, तो आकडा. आरटीने (वायू स्थिरांक गुणिले केल्व्हिन तापमान) भागली की ती दोन्ही घटकांच्या "मोल फ्रॅक्शन गुणिले गॅमाचा नैसर्गिक लॉग" यांची बेरीज असते. गॅमा म्हणजे घटकाचा खरा बाष्पदाब आदर्शाच्या किती पट, तो आकडा. ती धन, तर विचलन धन.

एक्सेस एन्थाल्पी (मिसळताना शोषली जाणारी उष्णता; ऋण असली तर उष्णता बाहेर पडते) हे त्याच राशीचं तापमानाशी असलेलं नातं, आणि एक्सेस आकारमान हे तिचं दाबाशी असलेलं नातं. टेकडीची उंची आणि तिचा उतार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उंची धन असताना उतार कुठल्याही दिशेला असू शकतो. तक्ता गृहीत धरतो की तिन्हींची चिन्हं जुळतात. बेंझिन-सायक्लोहेक्झेनमध्ये ती जुळतात: समान मोल घेतले तर सुमारे ८०० जूल प्रति मोल उष्णता शोषली जाते, मोलमागे सुमारे ०.६५ घन सेंमी आकारमान वाढतं, विचलन धन. हायड्रोजन बंध करणारे रेणू आले की जुळणी मोडते.

इथेनॉल-पाण्याचा हिशोब २५ अंशांना, इथेनॉलचं मोल फ्रॅक्शन ०.४ धरून (आकडे गोळाबेरीज आहेत):

एक्सेस एन्थाल्पी: सुमारे −५०० जूल प्रति मोल
एक्सेस गिब्ज ऊर्जा: सुमारे +७०० जूल प्रति मोल
म्हणून तापमान गुणिले एक्सेस एन्ट्रॉपी: −१२००
म्हणून एक्सेस एन्ट्रॉपी: सुमारे −४ जूल प्रति मोल प्रति केल्व्हिन

या प्रमाणात आदर्श मिश्रणाची एन्ट्रॉपी असते +५.६. त्यातले ४ गेले, उरले जेमतेम १.६. उष्णतेच्या बाजूने फायदा आहे, पण एन्ट्रॉपीच्या बाजूने त्याच्या दुपटीहून जास्त तोटा आहे. म्हणून बाष्पदाब आदर्शापेक्षा जास्त आणि विचलन धन.

मग मिसळतं तरी कसं? आदर्श मिश्रणाची गिब्ज ऊर्जा −१६७० च्या आसपास. त्यात +७०० मिळवले तरी −९७० राहते. ऋणच आहे, म्हणून मिसळतं. (एकच थर राहायला नुसतं ऋण असणं पुरत नाही, प्रमाणासमोर मांडलेला तिचा वक्र सगळीकडे खाली फुगलेला हवा. इथे तो तसा आहे.)

चंचुपात्र

एन्ट्रॉपी इतकी का घटते हे मात्र सांगितलं नाहीत. "पाण्याची रचना घट्ट होते" असं म्हणून पळू नका.

गॅमा_अनंत

पळत नाही, पण तिथे जमीन भुसभुशीत आहे हे खरं. १९४५ मध्ये फ्रँक आणि इव्हान्स यांनी कल्पना मांडली की तैलस्वभावी गटाभोवती पाण्याचे रेणू बर्फासारखी मांडणी करतात. अनेक पुस्तकं अजून तेच चित्र काढतात. २००२ मध्ये न्यूट्रॉन विकिरणाच्या प्रयोगातून मिथेनॉल-पाण्याबद्दल वेगळं दिसलं: डोळ्याला एकजीव दिसणारं मिश्रण रेणूंच्या पातळीवर नीट मिसळलेलंच नसतं. अल्कोहोलचे मिथाइल गट एकमेकांजवळ राहतात आणि पाण्याचे पुंजके टिकून राहतात. म्हणजे "एन्ट्रॉपी घटली" यापेक्षा "मिसळल्यावर जी वाढायला हवी होती ती वाढलीच नाही" असं म्हणणं जास्त बरोबर. मी वर्गात दुसरं चित्र सांगेन.

थर्मोडायनॅमिक्सला मात्र यातलं काहीच लागत नाही. आकडे तेच राहतात.

तिसरा_दशांश

प्रयोगाचं मी सांगतो. आधी ते ५० अधिक ५० चं.

२० अंशांना ५० मिलि इथेनॉल म्हणजे ३९.५ ग्रॅम, ५० मिलि पाणी म्हणजे ४९.९ ग्रॅम. एकूण ८९.४ ग्रॅम, वस्तुमानाने ४४ टक्के. या मिश्रणाची घनता ०.९२६५ च्या आसपास. भागाकार केला की ९६.५ मिलि. मुलांना ९७ किंवा त्याहून जास्त मिळतं, कारण ती लगेच वाचतात. मिसळल्यावर तापमान सहा-सात अंश चढतं, आणि तेवढ्याने अर्धा मिलि प्रसरण होतं. शिवाय बारीक बुडबुडे येतात. वेगवेगळ्या द्रवांमध्ये जेवढी हवा विरघळलेली असते तेवढी मिश्रणात मावत नाही, ती बाहेर पडते. बूच लावून पुन्हा २० अंशांवर येऊ द्या, बुडबुडे टिचकी मारून काढा, मग वाचा. मोजनळीत हे दाखवण्यापुरतंच ठीक. आकडा हवा तर घनता मोजा.

२५ मिलिची घनता बाटली घ्या, बुचाला केशनळी असलेली. पाच मिश्रणं, प्रत्येकी ५० ग्रॅम, वजनाने बनवायची, आकारमानाने कधीच नाही. मोल फ्रॅक्शन ०.१, ०.२, ०.४, ०.६, ०.८ हवं तर इथेनॉल अनुक्रमे ११.१, १९.५, ३१.५, ३९.७, ४५.५ ग्रॅम, बाकी पाणी. नेमकं तेवढंच पडलं पाहिजे असं नाही. जे पडलं ते मिलिग्रॅमपर्यंत लिहा आणि त्यावरून मोल फ्रॅक्शन काढा. ०.०२ आणि ०.०५ ही दोन मिश्रणंही जोडा, त्यांचं काम पुढे आहे.

थर्मोस्टॅट २५ ला ठेवू नका. मे महिन्यात आपल्याकडे खोली ३४-३५ ला असते. बाटली बाहेर काढून पुसेपर्यंत द्रव प्रसरण पावून केशनळीतून ओघळतो, आणि तुम्ही तो पुसून टाकता. खोलीपेक्षा थोडं वरचं तापमान निवडा. मग बाहेर काढल्यावर द्रव केशनळीत खाली जातो, हरवत नाही. हिवाळ्यात ३० चालेल: पाण्याची घनता ०.९९५६५, इथेनॉलची ०.७८०७. उन्हाळ्यात ३५ च्या थोडं वर जा आणि पाण्याचा त्या तापमानाचा आकडा तक्त्यातून घ्या.

बाटली १५ मिनिटं बुडवून ठेवा, केशनळीच्या टोकावरचा थेंब गाळणकागदाने टिपा, पण कागद टोकावर दाबून धरू नका, तो आतलं ओढतो. बाटली मानेला धरा. पोटाला धरली की हाताच्या उबेने द्रव बाहेर येतो. वजन लगेच घ्या. इथेनॉल जास्त असलेल्या मिश्रणात केशनळीतून होणारं बाष्पीभवन तराजूवर उतरताना दिसतं.

चूक किती महाग पडते ते: घनतेत ०.००१ चुकलं की ०.४ मोल फ्रॅक्शनला मोलर आकारमान ०.०३८ घन सेंमीने चुकतं. खरं एक्सेस आकारमान −१.०८ च्या जवळ आहे, म्हणजे साडेतीन टक्के. इथेनॉलची घनता अंशामागे ०.०००८६ ने बदलते, तेव्हा तापमान एक अंशाने चुकणं म्हणजे जवळपास तेवढीच चूक.

सगळ्यात मोठी चूक वेगळीच असते. रेक्टिफाइड स्पिरिट "शुद्ध इथेनॉल" म्हणून वापरतात. ९५ टक्के आकारमानाने म्हणजे वजनाने ९२.४ टक्के, आणि मोल फ्रॅक्शन फक्त ०.८३! ज्याला तुम्ही १ म्हणता तिथे मुळात दर सहा रेणूंमागे एक पाण्याचा आहे. ॲब्सोल्यूट अल्कोहोल घ्या, नाहीतर स्पिरिटची घनता मोजून त्यातलं पाणी हिशोबात धरा. डिनेचर्ड स्पिरिट तर नकोच, त्यात काय घातलंय ते बाटलीवर लिहिलेलं असेलच असं नाही.

मोलभाव

उत्तम. आंशिक मोलर आकारमान (एका घटकाचा एक मोल घातल्यावर मिश्रणाचं आकारमान जेवढं वाढतं ते) याच आकड्यांतून काढायचं ना? मुलं मोलर आकारमानाच्या वक्राला पट्टीने स्पर्शिका काढतात, आणि प्रत्येकाचं उत्तर वेगळं येतं.

तिसरा_दशांश

येणारच. मोलर आकारमान १८ पासून ५८.७ पर्यंत जातं, त्यातली सगळी गंमत १ घन सेंमीच्या पोटात. त्या आलेखावर वक्र सरळ रेषाच दिसतो.

एक्सेस आकारमान काढा, त्याला दोन्ही मोल फ्रॅक्शनच्या गुणाकाराने भागा, आणि ही राशी मोल फ्रॅक्शनसमोर मांडा. ०.४ ला ती −४.५ च्या आसपास येईल. पाण्याच्या टोकाला वक्र जिथे अक्षाला भेटतो तो आकडा म्हणजे अनंत विरलतेला (भरपूर पाण्यात अगदी थोडं इथेनॉल असताना) इथेनॉलचं आंशिक मोलर आकारमान वजा शुद्ध इथेनॉलचं मोलर आकारमान. २५ अंशांना ५५.१ वजा ५८.७, म्हणजे −३.६. त्यासाठीच ०.०२ आणि ०.०५ ची मिश्रणं. पण तिथेच भागाकार अंगावर येतो: ०.०२ ला घनतेत ०.००१ चुकलं तर हा आकडा जवळजवळ १ ने हलतो. तिथे चौथा दशांश हवाच.

वक्र बसवताना संगणकाला पाचव्या घाताचं बहुपद देऊ नका. सात बिंदूंतून ते सुंदर जातं आणि मधे नागमोडी होतं. तीन सहगुणक पुरे. मोल फ्रॅक्शन ०.०८ च्या आसपास इथेनॉलच्या आंशिक आकारमानाला खड्डा असतो, तो खरा आहे, पण सात बिंदूंत तो दिसला तर आधी शंका घ्या.

चंचुपात्र

एक गोंधळ: मोलमागे आकसणं ०.४ च्या आसपास सर्वात जास्त असतं, पण ५०-५० मिलिला (मोल फ्रॅक्शन ०.२४) टक्क्यांत जास्त आकसतं असं वाचलंय.

तिसरा_दशांश

दोन्ही बरोबर. ०.२४ ला −०.९८, पण ते २७.६ घन सेंमीतून, म्हणजे ३.५ टक्के. ०.४ ला −१.०८, पण ३४.३ मधून, म्हणजे ३.१ टक्के. छेद बदलला की शिखर सरकतं. मेंडेलीव्हने १८६५ च्या प्रबंधात अल्कोहोल-पाण्याच्या संयोगाचा अभ्यास केला, त्यात त्याला जे शिखर दिसलं ते टक्क्यांचं, एका इथेनॉलला तीन पाणी या प्रमाणापाशी. (व्होडका ४० टक्के त्यानेच ठरवली ही गोष्ट मात्र भाकड आहे.)

गॅमा_अनंत

आता बाष्पदाबाची बाजू. यासाठी प्रयोगही नको, ॲझिओट्रोपचा एक बिंदू पुरतो. तिथे द्रव आणि बाष्प यांचं प्रमाण सारखं, म्हणून गॅमा म्हणजे एकूण दाब भागिले त्या तापमानाचा शुद्ध घटकाचा बाष्पदाब.

७६० मिमी (पाऱ्याच्या) दाबाला ७८.१५ अंश, वजनाने ९५.६ टक्के, म्हणजे इथेनॉलचं मोल फ्रॅक्शन ०.८९४. (काही पुस्तकांत "आकारमानाने ९५ टक्के" असतं. वजनाने ९५.६ म्हणजे आकारमानाने ९७ च्या वर.)

शुद्ध इथेनॉलचा बाष्पदाब ७५४.९ मिमी, गॅमा १.००७, लॉग ०.००६७.
शुद्ध पाण्याचा ३२९.४ मिमी, गॅमा २.३१, लॉग ०.८३६.

दोन्ही एकपेक्षा जास्त. धन विचलन सिद्ध झालं, आणि यात उष्णतेचा उल्लेखही नाही.

पुढे व्हॅन लारचे स्थिरांक (प्रमाण बदललं की दोन्ही गॅमा कसे बदलतात ते सांगणाऱ्या समीकरणातले दोन आकडे). पाण्याचं मोल फ्रॅक्शन गुणिले त्याचा लॉग = ०.०८८६. इथेनॉलचं तसंच = ०.००६०. गुणोत्तर १४.७.

पहिला स्थिरांक: ०.००६७३ गुणिले १५.७ चा वर्ग = १.६७
दुसरा: ०.८३६ गुणिले १.०६८ चा वर्ग = ०.९५

पाण्याच्या महासागरातल्या एकट्या इथेनॉलचा गॅमा ५.३, इथेनॉलमधल्या एकट्या पाण्याचा २.६. हेच स्थिरांक वापरून ०.४ ला एक्सेस गिब्ज ऊर्जा भागिले आरटी ०.३१ येतं. २५ अंशांना ते ०.२८ होतं. तापमान वाढल्यावर वाढलं, आणि एन्थाल्पी ऋण असताना ते वाढायलाच हवं. म्हणजे मिसळताना बाहेर पडणारी उष्णता विचलनाचं चिन्ह ठरवत नाही, तापवल्यावर विचलन कुठल्या दिशेला सरकेल ते सांगते. मोलभाव, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला विचाराल तर हे आहे.

सावधान: पहिला स्थिरांक फार नाजूक आहे. ॲझिओट्रोपचं तापमान ७८.१५ ऐवजी ७८.१० धरलंत तर १.६७ चा १.३४ होतो. कारण ०.००६७ हा ७६० आणि ७५५ यांच्यातला फरक आहे, आणि पाच मिमीत दीड मिमी चुकणं म्हणजे तीस टक्के.

मोलभाव

मग मिथेनॉल-पाणी? तेही गरम होतं, तेही मोलमागे जवळपास १ घन सेंमी आकसतं, विचलनही धन. ॲझिओट्रोप मात्र नाही.

गॅमा_अनंत

ॲझिओट्रोपला नुसतं धन विचलन पुरत नाही. अल्कोहोलच्या टोकाला, एकट्या पाण्याचा गॅमा हा दोन शुद्ध बाष्पदाबांच्या गुणोत्तरापेक्षा मोठा हवा. इथेनॉलला ७८.१५ अंशांना गुणोत्तर २.२९ आणि गॅमा २.६. जिंकला, ॲझिओट्रोप झाला. मिथेनॉलला ६४.७ अंशांना गुणोत्तर ७६० भागिले १८५, म्हणजे ४.१. पाण्याचा गॅमा तिथे दोनाच्याही खाली. नाही जमत.

भट्टीवाला

याच अटीवरून व्हॅक्यूमचं पण समजतं. तापमान उतरलं की इथेनॉल-पाण्याचं गुणोत्तर वाढतं (२५ अंशांना २.४८) आणि गॅमा कमी होतो. साधारण ७० मिमी दाबाच्या खाली ॲझिओट्रोप नाहीसाच होतो. नवीन मुलं लगेच विचारतात, मग डिस्टिलरीत व्हॅक्यूममध्येच निर्जल इथेनॉल का काढत नाही?

७० मिमीला इथेनॉल २८ अंशांना उकळतं. कंडेन्सरला त्याहून बरंच थंड पाणी लागणार. सोलापूर-नगरकडे एप्रिलमध्ये कूलिंग टॉवरचं पाणीच त्याच्या आसपास किंवा वर असतं, म्हणजे चिलर आला. बाष्पाची घनता दहापट कमी, म्हणून कॉलमचा व्यास वाढला. आणि ॲझिओट्रोप गेला तरी समतोल वक्र कर्णाला चिकटूनच चालतो, म्हणजे बाष्प आणि द्रव यांच्या प्रमाणात फरक फार थोडा, त्यामुळे प्लेट (कॉलममधले टप्पे) आणि रिफ्लक्स (वरून परत सोडलेला द्रव) दोन्ही भरमसाट. वाफेचा हिशोब बसत नाही.

पेट्रोलमध्ये मिसळायला ९९.५ टक्के लागतं. पूर्वी बेंझिन घालायचे. बेंझिन, इथेनॉल, पाणी यांचा तिहेरी ॲझिओट्रोप ६४.९ अंशांना वर निघतो (वजनाने बेंझिन ७४, इथेनॉल १८.५, पाणी ७.४) आणि खाली निर्जल इथेनॉल उरतं. बेंझिन कर्करोगकारक, म्हणून सायक्लोहेक्झेन आलं. आता साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीत बहुतेक ठिकाणी मॉलिक्युलर सिव्ह. ३ अँगस्ट्रॉमची छिद्रं, पाण्याचा रेणू २.८, इथेनॉलचा ४.४. पाणी आत शिरतं, इथेनॉल नाही. बाष्प-द्रव समतोलाचा संबंधच नाही, म्हणून ॲझिओट्रोप आड येत नाही.

सिव्हच्या मण्यांचे दोन बेड असतात, एक शोषतो तेव्हा दुसरा व्हॅक्यूमवर मोकळा होतो. बाष्प बेडमध्ये जाताना सुपरहीट असलं पाहिजे. द्रवाचे थेंब गेले की मणी फुटतात, भुकटी होते, दाब वाढतो. बेड मोकळा करताना निघालेलं ओलं इथेनॉल परत रेक्टिफायरला (ॲझिओट्रोपपर्यंत नेणाऱ्या कॉलमला) जातं. हा परतीचा प्रवाह मास बॅलन्समध्ये धरला नाही तर कॉलमवरचा भार कागदावर कमी दिसतो आणि प्लांटवर मात्र प्रॉडक्टमध्ये पाणी येतं.

चंचुपात्र

धन विचलन अजून वाढवत नेलं तर? दोन थर पडतील ना?

गॅमा_अनंत

हो. सममित मिश्रणात मध्यावर एक्सेस गिब्ज ऊर्जा भागिले आरटी ०.५ च्या वर गेलं की फुटतं. इथेनॉल ०.३ वर थांबतं. साखळी लांब करा: १-प्रोपॅनॉल अजून पूर्ण मिसळतं, १-ब्युटॅनॉल पाण्यात वजनाने साडेसात टक्क्यांच्या आसपासच विरघळतं.

साखळी न वाढवता करायचं असेल तर मीठ. पण साधं मीठ नाही, इथेनॉल-पाणी त्याने फुटत नाही. पोटॅशियम कार्बोनेट घ्या.

तिसरा_दशांश

२० मिलि, आकारमानाने ५० टक्के इथेनॉल, बूच असलेली मोठी परीक्षानळी. कोरडं पोटॅशियम कार्बोनेट ५-५ ग्रॅमने घाला, दर वेळी हलवून दोन मिनिटं उभी ठेवा. थर पडले की वरचा पिपेटने काढा. घनता मोजायची तर आधी चिमूटभर ताजं कार्बोनेट त्यात टाकून बघा: ते ओलं होऊन चिकटलं तर वर अजून पाणी बरंच आहे, कोरडं सुटं राहिलं तर कमी. वरच्या थरात थोडा क्षार विरघळलेला राहतो, म्हणून घनतेवरून इथेनॉलचं प्रमाण थेट वाचू नका, ते खरं असेल त्यापेक्षा कमी दिसेल. ऊर्ध्वपातन करून मग मोजा. बर्नर लांब ठेवा, आणि खालचा थर तीव्र अल्कधर्मी असतो, डोळ्यांना चष्मा हवाच.